‘ही मासिकं वाचते का?’

हार्वी मॅक्स चॉचिनॉव हे कॅनडातल्या विनिपेग शहरातले मानसोपचारतज्ज्ञ. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसांच्या मनात काय चालतं, याचा अभ्यास ते गेली तीसेक वर्षं करत आलेत. त्यांच्या बहिणीला सेरेब्रल पाल्सी होती. एकदा श्वासाचा त्रास विकोपाला गेला आणि तिला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या प्रकृतीची सगळी चौकशी केली. माणूस म्हणून तिच्याबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र एकच होता : ही मासिकं वाचते का? हो, वाचते, पण एक कादंबरी संपून दुसरी हातात येईपर्यंत, असं उत्तर चॉचिनॉव यांनी दिलं.

हा प्रसंग त्यांनी पुढे वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. त्यावरून त्यांनी मांडलेला मुद्दा असा : आपल्याला जसं वागवलेलं आवडेल तसं दुसऱ्याला वागवावं, हा जुना नियम चांगलाच आहे, पण आजाऱ्याच्या खाटेपाशी तो लंगडा पडतो. धडधाकट डॉक्टर स्वतःला त्या देहात कल्पून पाहतो आणि मनात म्हणतो, असलं जगणं मला नको. मग त्याच मापाने तो समोरच्याचं जगणं मोजतो. त्यापेक्षा समोरच्याला कसं वागवलेलं हवंय ते त्यालाच विचारावं.

मरणासन्न रुग्णाची भीती आणि खिन्नता औषधांवाचून हलकी करता येते का? या प्रश्नावर तीस वर्षांत जे काम झालं, त्यातलं मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं ते या विचारण्यातूनच निघालेलं आहे. ध्यान, संगीत, सुगंधी तेलं यांवर पुष्कळ लिहिलं जातं. काहींना त्यांचा उपयोगही होतो. पण विनिपेगचं काम वेगळं आहे, कारण तिथे आधी दुखणं नीट पाहिलं गेलं आणि उपाय त्यानंतर आला.

‘आता देवानं न्यावं’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं, की ऐकणारा चहाचा कप खाली ठेवत नाही. चॉचिनॉव यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही. १९९५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूच्या जवळ आलेल्या २०० रुग्णांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मरण लवकर यावं असं अधूनमधून वाटणारे ४४.५ टक्के निघाले. ही इच्छा ज्यांच्या मनात ठाण मांडून बसली होती, असे ८.५ टक्केच होते. आणि या लहान गटातल्या ५८.८ टक्के लोकांना डॉक्टरी निकषांप्रमाणे नैराश्य होतं. मरण मागत नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण ७.७ टक्के होतं. म्हणजे तेच वाक्य एकाच्या तोंडी निरवानिरवीचं असतं आणि दुसऱ्याच्या तोंडी आजाराचं लक्षण. ऐकणाऱ्याला फरक कळायचा कसा?

१९९७ च्या अभ्यासात त्यांनी लांबलचक प्रश्नावल्या बाजूला ठेवून १९७ रुग्णांना थेट विचारून पाहिलं : तुम्ही खिन्न असता का, बहुतेक सगळा वेळ? त्या एका प्रश्नाने प्रश्नावल्यांपेक्षा अचूक निदान झालं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी १६८ रुग्णांची जगण्याची इच्छा दिवसातून दोनदा मोजली, तर ती बारा तासांच्या आत मोठ्या फरकाने वरखाली होताना दिसली. तिला हलवणाऱ्या गोष्टी मुख्यतः चार होत्या : नैराश्य, चिंता, धाप आणि एकूण बरं वाटणं. सकाळी ‘पुरे झालं’ म्हणणारा माणूस संध्याकाळी मुलीच्या लग्नाची तारीख विचारतो, तेव्हा तो गोंधळलेला असतोच असं नाही. दुपारी त्याचा दम जरा खाली बसलेला असू शकतो.

हे आकडे मांडायचं कारण एवढंच, की मरणाऱ्याचं मन खचणारच, त्यात करण्यासारखं काही नाही, ही जी आपली समजूत आहे ती खरी नाही. दुःख होणारच. घर सुटतंय, माणसं सुटताहेत, अशा वेळी डोळ्यांत पाणी येणं हा आजार नव्हे. पण रडणारा माणूस नातवाला पाहून हसत असेल, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरत असेल, तर ते दुःख. कशानेच काही वाटेनासं झालं, आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही हा विचार डोक्यातून हलेना, तर तिथे तज्ज्ञाला बोलवायला हवं. आणि त्याने औषध दिलं तर ते घ्यायला हवं. औषधांविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. अडचण वेळेची आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि या माणसांकडे कधी कधी तेवढे आठवडेच उरलेले असतात. शिवाय गुंगी, कोरडं तोंड, बद्धकोष्ठ यांची भर पडते ती वेगळीच.

मनाकडे वळण्याआधी शरीराची गोष्ट उरकून घेऊ, कारण न थांबणाऱ्या वेदनेत कुणी आयुष्याचा अर्थ शोधत नाही. आधी वेदना आटोक्यात यायला हवी, आणि तिथे मॉर्फिनला संकोच नको. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या सेवागृहाची, सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. शरीराची, मनाची, घरच्या विवंचनांची आणि श्रद्धेची वेदना एकमेकींत इतकी गुंतलेली असते, की तिच्यावर तुकड्यातुकड्याने उपचार होत नाहीत, हे त्यांचं सांगणं तीन नोकऱ्यांच्या अनुभवातून आलेलं होतं.

धाप आणि भीती यांची जोडी तर फारच वाईट. दम लागला की जीव घाबरतो, घाबरला की श्वास उथळ आणि भराभर होतो, त्याने दम आणखी लागतो. इथे एक स्वस्त उपाय चांगला तपासला गेला आहे : हातात धरायचा छोटा बॅटरीवरचा पंखा. केंब्रिजमधल्या संशोधकांनी ५० रुग्णांना तो आलटून पालटून पाच-पाच मिनिटं एकदा चेहऱ्यावर आणि एकदा पायांवर धरायला दिला. चेहऱ्यावर धरला तेव्हा धाप कमी वाटली. गाल, नाक आणि ओठांभोवतीच्या त्वचेला गार वारा लागला, की तिथल्या मज्जातंतूमार्फत मेंदूला जाणारा संदेश श्वासाची तडफड कमी करतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. पंखा रुग्णाच्या स्वतःच्या हातात असतो. रात्री अडीचला दम लागला तर कुणाला हाक मारायच्या आधी करण्यासारखं काहीतरी त्याच्यापाशी आहे, या जाणिवेनेही भीती अर्धी होते.

स्पर्शाचंही तसंच. अमेरिकेत कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या ३८० रुग्णांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. एका गटाला प्रशिक्षित माणसांकडून मालीश मिळालं. दुसऱ्या गटाला, ज्यांना या कामाचा काहीच अनुभव नाही अशा लोकांनी अंगावर ठिकठिकाणी नुसता हात ठेवला. लगेचचा आराम मालिशने जास्त मिळाला. पण वेदना आणि मनःस्थिती दोन्ही गटांत सुधारली. पायाशी बसून तळवे चोळत राहणाऱ्या आपल्या मावश्या-काकूंना हे कुणी सांगायला गेलं, तर ‘यात काय सांगायचं!’ म्हणतील. सांगायचं एवढ्यासाठी, की हल्ली नळ्या आणि वायरी पाहून नातेवाईक खाटेपासून चार फुटांवर उभे राहतात.

आता मनाकडे. २००२ मध्ये चॉचिनॉव यांच्या गटाने २१३ मरणासन्न रुग्णांना त्यांच्या प्रतिष्ठेबद्दल विचारलं. आपली पत साफ गेली असं म्हणणारे १६ जणच होते, पण नैराश्य, चिंता, हताशा, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ ही भावना आणि मरणाची इच्छा यांची दाटी त्या सोळा जणांत जास्त होती. आणि प्रतिष्ठा टिकणं-जाणं बऱ्याच अंशी एका गोष्टीशी बांधलेलं निघालं : समोरच्याच्या डोळ्यांत मी कसा दिसतो? नुसता आजार दिसतो, की मी दिसतो?

आपल्या कोणत्याही वॉर्डात दहा मिनिटं उभं राहावं. ‘आजोबा, जेवलात का?’ ‘आजोबा, शी झाली का?’ ‘बारा नंबरचं सलाइन संपलंय.’ विचारणारी सिस्टर प्रेमळ असते, कामाने पिचलेली असते, तिचा दोष नाही. पण ते आजोबा चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते आणि इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगायचे, हे त्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नसतं. एका आजाराने त्यांचं शरीर घेतलेलं असतं. बाकीचं आपण घेतो.

चॉचिनॉव एका तरुण रुग्णाबद्दल सांगतात. मेंदूतल्या गाठीने मरायला टेकलेला, खंगलेला. त्याच्या खाटेशेजारी एका पिळदार देहाच्या तरुणाचा फोटो होता. तो त्याचाच होता, थोड्या काळापूर्वीचा. तो तिथे मुद्दाम ठेवलेला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला समजावं म्हणून. चॉचिनॉव यांचा उपचार अशा निरीक्षणांतून घडला. इंग्रजीत त्याला डिग्निटी थेरपी म्हणतात. आपण प्रतिष्ठा-उपचार म्हणू.

त्याची पद्धत साधी आहे, पण ढिसाळ नाही. रुग्णाला प्रश्नांचा कागद आधीच देऊन ठेवतात, विचार करायला वेळ मिळावा म्हणून. मग प्रशिक्षित माणूस साधारण तासभर त्याच्याशी बोलतो आणि ते ध्वनिमुद्रित करतो. आयुष्यातलं तुम्हाला जास्त आठवतं ते काय? सगळ्यांत जिवंत असल्यासारखं कधी वाटलं? घरात, कामावर, गावात तुम्ही काय काय निभावलंत? कशाचा अभिमान वाटतो? घरच्यांना सांगायचं काही राहिलंय का, किंवा सांगितलेलं पुन्हा एकदा सांगावंसं वाटतं का? त्यांच्यासाठी तुमच्या मनात काय आहे? या प्रश्नांत ‘मृत्यू’ हा शब्द कुठेही नाही, हे ध्यानात ठेवावं. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

दोन-तीन दिवसांत ध्वनिमुद्रण उतरवून काढतात, कारण थांबायला सवड नसते. मग संपादन होतं. भरकटलेलं मार्गी लावायचं, सनावळी जुळवायची, अर्धवट वाक्यं पुरी करायची, आणि वाचणाऱ्याच्या जिवाला लागेल असं काही आलं असेल, तर ते खरंच ठेवायचं का हे रुग्णाला विचारायचं. हा मजकूर मग त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. इथे लोक रडतात, हसतात, ‘तिचं नाव चुकलंय’ म्हणून दुरुस्त्या सांगतात. शेवटी कागद रुग्णाच्या हाती येतो, आणि तो कुणाला द्यायचा हे तोच ठरवतो. ज्याचं जेवण, औषध, अंघोळीची वेळसुद्धा दुसरे ठरवतात, त्याच्या हाती देण्यासारखं काहीतरी पुन्हा आलेलं असतं.

याने खरंच फरक पडतो का? २००५ मध्ये विनिपेग आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष आले. ९१ टक्के समाधानी होते. ७६ टक्क्यांनी प्रतिष्ठेची जाणीव वाढल्याचं सांगितलं, ४७ टक्क्यांनी जगण्याची इच्छा वाढल्याचं. घरच्यांना याचा उपयोग झाला किंवा होईल असं ८१ टक्क्यांना वाटलं. सगळीकडे कौतुक झालं. पण तुलनेला दुसरा गट नसेल, तर असे आकडे जपूनच वाचावेत. प्रेमाने तासभर बोललं तर ‘बरं वाटलं’ असं कोण म्हणणार नाही?

म्हणून मोठी चाचणी झाली. विनिपेग, पर्थ आणि न्यूयॉर्कमधले ४४१ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले : एकाला प्रतिष्ठा-उपचार, दुसऱ्याला साध्या गप्पांचा आधार, तिसऱ्याला नेहमीची परिहार सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चिंता आणि नैराश्य यांच्या मोजमापात तिन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. मात्र नंतर विचारल्यावर प्रतिष्ठा-उपचार मिळालेल्यांनी तो जास्त उपयोगी वाटल्याचं, घरचे आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतील असं वाटल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. या निकालाचा एक उलगडा चाचणीतच होता. हे रुग्ण चांगल्या सेवेखाली होते आणि मुळातच त्यांचा मानसिक त्रास कमी होता. जे फारसं नाही ते कमी होऊन किती होणार? पुढे लिस्बनमध्ये मिगेल जुलियाऊं यांनी ज्यांचा त्रास खरोखर जास्त होता अशाच ८० रुग्णांवर चाचणी केली. तिथे चिंता आणि नैराश्य दोन्हींचे आकडे काही दिवसांतच खाली आले.

या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की मला तरी असं दिसतं : सरसकट सगळ्यांना वाटायचा हा उपाय नाही. बुडणाऱ्याला तो हात देतो; काठावर बसलेल्याला तो एक चांगली दुपार देतो. दुसरी गोष्टही वाईट नाही, पण तिला उपचार म्हणू नये.

अर्थाच्या शोधाचा दुसरा धागा न्यूयॉर्कचा आहे. व्हिक्टर फ्रँकल या नाझी छळछावणीतून वाचलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांवर विल्यम ब्राइटबार्ट यांनी कर्करुग्णांसाठी सात-आठ बैठकांचा क्रम बांधला. त्यालाही चाचण्यांत यश मिळालं आहे. पण आठ बैठकांना आठ आठवडे लागतात, म्हणून तो ज्यांच्यापाशी काही महिने आहेत त्यांच्यासाठी. आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या चाचणीत तर मनासाठी वेगळी अशी थेरपी नव्हतीच. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग झालेल्या १५१ जणांपैकी निम्म्यांना निदानापासूनच परिहार सेवेच्या पथकाशी जोडून दिलं. २०१० साली निकाल आला तेव्हा नैराश्याची लक्षणं त्यांच्यातल्या १६ टक्क्यांत होती, इतरांतल्या ३८ टक्क्यांत. नैराश्यावरची औषधं दोन्ही गटांना सारख्याच प्रमाणात सुरू झाली होती, म्हणजे हा फरक काही गोळ्यांचा नव्हे. भेटत राहणारं, विचारत राहणारं कुणीतरी आहे, एवढ्यानेही बराच भार उतरतो.

आपल्याकडे गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. रिपोर्ट हातात पडताच मुलगा केबिनबाहेर डॉक्टरांना गाठतो : ‘बाबांना काही बोलू नका हं, ते खचतील.’ बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ संतोष चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संगनमताबद्दल बरंच लिहिलं आहे. त्यात प्रेम असतं, हे कुणी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा बाबांना कळलेलं असतं. वजन उतरलेलं असतं, गावाकडचा भाऊ न सांगता भेटून गेलेला असतो, कधी नव्हे ती सून शेजारी बसून सफरचंद कापत असते. मग बाबाही आपल्याला कळल्याचं लपवतात, पोरं खचतील म्हणून. एकाच खोलीत सगळे एकेकटे भीत बसतात. माझ्या मते आपल्या घरांतल्या रुग्णांच्या चिंतेचं मोठं खाद्य हे आहे; त्यावर कोणतीही झोपेची गोळी पुरी पडणार नाही.

विनिपेगचे प्रश्न इथे कामाला येतात, कारण ते विचारायला आधी काही ‘सांगून टाकावं’ लागत नाही. ‘बाबा, तुम्ही मुंबईला पहिल्यांदा आलात तेव्हा कुठे राहिलात?’ इथून सुरुवात करता येते. बाबा तिथेच थांबले तर थांबावं. आणि ते आपणहून म्हणाले, ‘माझं आता काही खरं नाही,’ तर ‘असं बोलू नका’ म्हणून तोंड बंद करू नये. ‘कशाची काळजी वाटते?’ एवढं विचारून गप्प बसावं. उत्तर पुष्कळदा लहान असतं आणि सोडवण्यासारखं असतं. धाकटीचं शिक्षण. सोसायटीचे शेअर कुणाच्या नावावर. आईला एकटीला बँकेत जाता येईल का? शेवटी खूप दुखेल का? यातल्या प्रत्येकाचं काही ना काही करता येतं.

घरच्या घरी मोबाइलवर बोलणं ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी दोन-तीन पथ्यं पाळावीत. रेकॉर्डिंग सुरू आहे हे सांगावं. वीस मिनिटांवर ताणू नये. जमिनीच्या वाटण्या त्यात आणू नयेत. त्यासाठी मृत्युपत्र आहे. जुने हिशेब निघू लागले, तर ते मुलांच्या हाती तसेच पडू देऊ नयेत. वाईट बोलून गेलेलं माणूस ते नंतर मागे घ्यायला नसतं, म्हणून तर ते वाचून दाखवणं आणि दुरुस्त करणं. भ्रम सुरू झाला असेल तर या वाटेला जाऊच नये. तिथे ओळखीचे आवाज, उजेड, चष्मा, कानातलं यंत्र, आणि भ्रम कशाने झाला हे शोधणारा डॉक्टर हवा.

घरात कुणालाच हे जमणार नसेल तर माणसं आहेत. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाला १९८६ मध्ये सुरुवात झाली, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची गोव्यातही शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं परिहार सेवा केंद्र आहे. केरळात तर १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले. शेजारच्या गल्लीतला शिक्षक, किराणा दुकानदार आठवड्यातून एकदा येऊन खाटेशी बसतो. २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचं धोरणच केलं. आपल्याकडे गणेश मंडळं आहेत, महिला बचत गट आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. माणसांची कमी नाही. हे काम आपलं आहे असं अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

रुग्णालयांसाठी चॉचिनॉव यांनी हा सगळा प्रपंच एकाच प्रश्नात आटवून ठेवला आहे : तुमची चांगली काळजी घेता यावी म्हणून माणूस म्हणून तुमच्याबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं? उत्तर चार-पाच ओळींत लिहून, रुग्णाला दाखवून, त्याच्या संमतीने केस पेपरला लावायचं. विनिपेगमध्ये रुग्ण आणि नातेवाईक मिळून १२६ जणांबरोबर हे करून पाहिलं, तेव्हा ही माहिती कर्मचाऱ्यांपर्यंत पोचणं महत्त्वाचं आहे असं ९३ टक्क्यांनी सांगितलं. वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांतल्या दहापैकी नऊ जणांना रुग्णाबद्दल काहीतरी नवं कळलं होतं. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आपल्या केस पेपरवर वय, वजन, रक्तगट, विमा आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर यांसाठी रकाने आहेत. त्यांच्याखाली आणखी एक छापायला खर्च येणार नाही.